मंत्रीसाहेब, औषधाची बाटली मिळते हो, ती लावायला शिकलेली सिस्टर द्या

मा. आरोग्यमंत्री,
गोवा राज्य

साहेब, नमस्कार.

मी डिचोली तालुक्यातला. कदंब बसवर २९ वर्षं कंडक्टर होतो, आता रिटायर. पत्रं लिहायची सवय नाही, मोबाइलवर एका बोटाने टाइप करतोय तेव्हा शुद्धलेखनाकडे बघू नका. विषय माझ्या नातवाचा आहे पण त्याच्या एकट्याचा नाही, म्हणून उघड लिहितोय.

नातू ९ वर्षांचा. दर २१ दिवसांनी त्याला इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे तयार अँटिबॉडीच्या औषधाची, सलाइन लावतात. आमची सून वर्ष सुरू झालं की कालनिर्णयवर सगळ्या तारखांना लाल पेनाने गोल करून ठेवते, मग त्यात चवथ येवो नाहीतर शिगमो. सहा वर्षं झाली, शंभरी पार झाली, आणि दोन-तीन वेळा सोडल्या तर प्रत्येक वेळी मी त्याच्या खाटेशेजारी बसलोय. डॉक्टर राउंडला येतात, पाच मिनिटं बघतात, जातात. पुढचे चार-साडेचार तास पोराचा जीव असतो तो सिस्टरच्या हातात. म्हणून हे पत्र डॉक्टरांबद्दल नाही, सिस्टरांबद्दल आहे.

आधी आजार काय ते थोडक्यात, कारण लोकांना वाटतं अशक्त पोर आहे, च्यवनप्राश द्या. जंतूंशी लढणाऱ्या अँटिबॉडी याच्या शरीरात बनतच नाहीत. एक्स लिंक्ड अगॅमाग्लोब्युलिनेमिया असं नाव, मला पाठ व्हायला सहा महिने लागले. बीटीके नावाच्या जीनमध्ये दोष असतो, तो बहुतेक वेळा आईकडून येतो आणि आजार होतो मुलग्यांना. (यावरून सुनेला पाहुण्यारावळ्यांकडून जे काही ऐकावं लागलं ते इथे लिहीत नाही, एकदा मीच सगळ्यांना गप्प केलं.) बाळ जन्मताना आईच्या अँटिबॉडी घेऊन येतं, त्या सहा-एक महिने पुरतात, म्हणून आमचा बाबू पहिले सहा महिने एकदम गुटगुटीत होता. मग सुरू झालं. कान फुटला, न्यूमोनिया, परत न्यूमोनिया, जुलाब थांबेनात. तीन वर्षांत चार वेळा ॲडमिट. शेवटी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला आ कर म्हटलं आणि बॅटरी मारून बघतच राहिल्या. पोराच्या घशात टॉन्सिल दिसेचनात! एवढ्यांदा घसा धरूनसुद्धा टॉन्सिल नाहीत म्हटल्यावर त्यांना शंका आली, रक्त मुंबईला गेलं आणि रिपोर्ट आला.

हा आजार पहिल्यांदा ओळखला तो १९५२ साली अमेरिकेत, ब्रूटन नावाच्या आर्मीतल्या डॉक्टरने, तोही आठ वर्षांच्या पोरात. म्हणजे तेव्हा आमच्याकडे पोर्तुगीज होते. उपाय तेव्हा जो सापडला तोच आजही मुळात आहे, दुसऱ्यांच्या रक्तातल्या अँटिबॉडी काढून याला द्यायच्या. हजारो लोकांचा प्लाझ्मा एकत्र करून ते औषध बनतं. शरीरात तीन आठवड्यांत ते निम्म्यावर येतं, म्हणून २१ दिवस.

आता सिस्टरची गोष्ट.

पहिली चार वर्षं ज्या हॉस्पिटलात जायचो तिथे एक सिस्टर होत्या. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, कारण नाव लिहिलं की वॉर्डातल्या कुठल्या तरी पोरीला मेमो मिळेल आणि विषय तिथेच मिटेल. तर त्या सिस्टर काय करायच्या, बाटल्या फ्रिजमधून अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढून ठेवायच्या, थंड बाटली कधी लावायच्या नाहीत. बाटली हलवायच्या नाहीत, हलवली की फेस होतो. आयजीजी लेव्हलचं (अंगात अँटिबॉडी किती ते बघायचं) रक्त पाठवायचं असेल तर बाटली लावायच्या आधी घ्यायच्या, नंतर घेतलं तर आकडा फुगलेला येणारच. मग वजन करायचं. आमचा बाबू २२ किलो, त्याला १० ग्रॅम, म्हणजे १०० मिलीच्या दोन बाटल्या. सुरुवात तासाला ११ मिली, एवढीच. पहिला तास दर पंधरा मिनिटांनी ताप, नाडी, बीपी. अर्ध्या तासाने सगळं ठीक असेल तर स्पीड वाढवायचा, परत बघायचं, परत वाढवायचा. आणि बाटलीवरचा बॅच नंबरचा स्टिकर काढून एका वहीत चिकटवायचा, शेजारी लिहायचं किती वाजता किती स्पीड होता, पोराला काय झालं. ती वही त्यांनी आम्हालाच दिली होती, सरकारी नव्हती, त्यांच्या स्वतःच्या पैशाची, शंभर पानी, मागे पाढे छापलेली.

त्यांची ट्रान्सफर झाली. होते, सरकारी नोकरी आहे, आमचीही डेपो टू डेपो व्हायची. पण साहेब, कंडक्टरला ड्युटी संपली की शेवटच्या तिकिटाचा नंबर, पास किती, कॅश किती हे सगळं वेबिलावर लिहून हिशोब दिल्याशिवाय डेपोतून बाहेर पडता येत नाही. दोन रुपये कमी पडले तर खिशातून भरावे लागतात. आणि इथे चार वर्षांचा पोराचा हिशोब एका बाईच्या डोक्यात आणि माझ्या पिशवीतल्या वहीत. पुढच्या सिस्टरला कुणी काहीच सांगितलं नव्हतं.

नवीन सिस्टर चांगली पोर होती, वाईट बोलणार नाही. एका वॉर्डात रात्रीला ती आणि अजून एक, पेशंट किती ते मी मोजले होते पण आकडा सांगत नाही, तुम्हाला माहीत असणार. तिने बाटली फ्रिजमधून काढली, खोकल्याच्या औषधासारखी खळखळून हलवली आणि लावली, साध्या सलाइनच्या स्पीडने. मी म्हटलं, बाय, ही हळू लावतात. ती म्हणाली आजोबा, डॉक्टरांनी ऑर्डरमध्ये स्पीड लिहिलेला नाही. खरंच नव्हता लिहिलेला. मी वही दाखवली तर म्हणाली ही हॉस्पिटलची नाही. वीस मिनिटांत पोराला अशी हुडहुडी भरली की खाट वाजायला लागली, डोकं धरून रडतोय, दोनदा उलटी. मग धावपळ, सलाइन बंद, डॉक्टर, इंजेक्शन. दोन तासांनी परत हळू लावली तेव्हा काहीच झालं नाही. औषध तेच, पोर तेच. आता दर वेळी घरातून निघताना विचारतो, आजो, आज थंडी येणार? मी काय सांगणार.

ती पोर नंतर येऊन माझ्याजवळ रडली. तिला कुणी शिकवलंच नव्हतं तर तिचा काय दोष सांगा.

दुसरी गोष्ट, वेगळ्याच जागची. फाइलवर इम्युन डेफिशियन्सी वाचलं की अर्ध्या स्टाफला एड्सच वाटतो. एकदा वॉर्डातल्या एका मामाने बाबूची पेजेची वाटी दोन बोटांत धरून लांब ठेवली आणि वर डबल ग्लोव्हज घालून आला. एड्स असता तरी असं वागायचं नसतं, पण हा तर जन्मजात आजार आहे, कुणाला लागत नाही. आणि गंमत बघा, ज्याच्यापासून सगळे जपत होते त्यालाच खरं सगळ्यांपासून जपायची गरज होती, आणि त्याची खाट दिली होती कुणाच्या शेजारी, तर अंगभर कांजिण्या उठलेल्या पोराच्या शेजारी. मी जाऊन सांगितलं तर उत्तर मिळालं बेड नाही. मग आम्ही पोराला घेऊन कॉरिडॉरमध्ये खिडकीखाली बसलो, तिथे निदान वारा होता.

ताप आला की तर विचारूच नका. बाकीच्या पोराचा ताप दोन दिवस बघता येतो, याचा नाही, याला लगेच तपासून रक्त कल्चरला पाठवून अँटिबायोटिक सुरू करावं लागतं, आमच्या डॉक्टरांनी तसं चिठ्ठीवर लिहून दिलंय. पण चिठ्ठी कॅज्युअल्टीच्या खिडकीवर वाचतो कोण, केसपेपर काढा, लाइनीत बसा, आणि लाइनीत सगळे खोकणारे. पावसाळ्यात एकदा डेंग्यूची अँटिबॉडी टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून घरी जायला सांगत होते. अहो याच्या अंगात अँटिबॉडी बनतच नाहीत, तर त्या टेस्टमध्ये येणार कुठून? आणि कधी पॉझिटिव्ह आलीच तर ती बाटलीतून आलेली दुसऱ्याची असू शकते. हे त्या दिवशी रिटायर कंडक्टरने सांगावं लागलं.

आणि पोलिओ. बाबू चार वर्षांचा होता, धाकटी नात तान्ही, पल्स पोलिओच्या दुसऱ्या दिवशी टीम घरी आली. बाबूसारख्या पेशंटांना तोंडाचे थेंब चालत नाहीत, त्यात जिवंत व्हायरस असतो, कमजोर केलेला असला तरी याच्यासाठी धोक्याचा. घरातल्या बाकी पोरांनाही थेंब द्यायचे नाहीत कारण तो व्हायरस शीमधून याच्यापर्यंत पोचतो. त्यांना इंजेक्शनवाली लस द्यायची, ती तर २०१५ पासून सरकारी लसीकरणात आहेच. पण आलेल्या सिस्टरला यातलं काही ठाऊक नव्हतं, ती म्हणाली घर सुटलं तर मला वर जाब द्यावा लागतो. बरोबरच आहे तिचं! भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त झाला तो अशाच बायांच्या चिकाटीमुळे, उन्हातान्हात घर न घर फिरून. तासभर वाद झाला, शेवटी भिंतीवर खडूने खूण करून गेल्या, दोन दिवसांनी परत दुसरे लोक समजवायला आले, वस्तीत बोभाटा झाला की मास्तरांच्या शेजारचे, म्हणजे आम्ही, लसीच्या विरोधात आहेत. त्या सगळ्यात बाबू रडत होता ते वेगळ्याच कारणाने, सगळ्या पोरांच्या करंगळीला शाई लागली आणि त्याच्या नाही. मग मी बॉलपेनने लावली.

तर साहेब, मागणी काय.

पैशाचं आज बोलत नाही. २०२१ च्या केंद्राच्या दुर्मिळ आजार धोरणात हा आजार नाव घेऊन लिहिलेला आहे, इम्युनोग्लोब्युलिनसकट, आणि मदतीची मर्यादा आता ५० लाखांपर्यंत आहे, पण ती मिळते ठरवून दिलेल्या मोठ्या केंद्रांतून, आमच्यासारख्यांनी मुंबईच्या केईएमला नाहीतर बेंगळुरूला हेलपाटे घालायचे. तो वेगळा विषय, त्यावर वेगळं पत्र लिहीन, बोट दुखायचं थांबलं की.

आज फक्त एवढंच मागतोय की प्रत्येक तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलात एक, जास्त नको एकच, अशी सिस्टर असू दे जिला या पेशंटांचं शिकवलेलं आहे. बांबोळीला सरकारी नर्सिंग कॉलेज आहे, दोन-तीन दिवसांचं ट्रेनिंग तिथेच ठेवता येईल, त्याला नवी बिल्डिंग नको, उद्घाटन नको. आणि तिची ट्रान्सफर करायची असेल तर बेलाशक करा, पण आधी तिने दुसरीला शिकवलेलं पाहिजे, सही घेऊन, वेबिलासारखं.

आणि या पेशंटांना एक सरकारी कार्ड द्या. शिक्का असलेलं, कारण शिक्का नसला की वहीचं काय होतं ते मी वर लिहिलंय. त्यावर आजाराचं नाव, कुठलं औषध, कुठल्या कंपनीचं चाललंय (मध्येच कंपनी बदलली की रिॲक्शनची भीती वाढते म्हणून), किती स्पीडने सुरू करायचं, तोंडाचा पोलिओ आणि बाकी जिवंत लशी द्यायच्या नाहीत, आणि ताप असेल तर लाइनीत न बसवता आत घ्यायचं. कार्ड मराठीत, कोंकणीत, इंग्लिशमध्ये, तिन्ही भाषेत छापा म्हणजे खिडकीवरचा माणूस कुठलाही असो. पोलिओच्या टीमकडे पण अशा घरांची यादी असू दे, म्हणजे त्या बाईला जाब द्यावा लागणार नाही आणि आम्हाला खडूची खूण पुसत बसावं लागणार नाही.

कुणी म्हणेल गोव्यात असे पेशंट असून असून किती. मलाही माहीत नाही, वॉर्डात गेल्या सहा वर्षांत मला अजून दोघे भेटले, एक पेडण्याचा, एक काणकोणचा. काणकोणवाले पहाटे चारला निघायचे. आणि जे टॉन्सिल न बघताच न्यूमोनिया म्हणून गेले त्यांची मोजदाद कुठे असणार? अशा जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारांचे प्रकारच साडेचारशेच्या वर आहेत म्हणतात, त्यातल्या काहींत तर जन्मल्या जन्मल्या दिलेली बीसीजीची (टीबीची) जिवंत लससुद्धा अंगभर पसरते. म्हणजे लेबर वॉर्डच्या सिस्टरनेही विचारायला हवं की बाई, तुझं आधीचं मूल तान्हेपणी इन्फेक्शनने गेलं होतं का. एक प्रश्न, अर्धा मिनिट.

जुन्या सिस्टरांची ती वही अजून माझ्याकडे आहे. ९१ पानं भरलीत, स्टिकरांमुळे फुगून बंद होत नाही, रबर लावून ठेवतो. तुमच्या ऑफिसातून कुणी फोन केला तर मी स्वतः पणजीला घेऊन येईन, सीनियर सिटिझनचं तिकीट आहे, खर्च फार नाही. फक्त झेरॉक्स काढून वही परत द्या, कारण पुढचा लाल गोल या महिन्याच्या १७ तारखेवर आहे आणि त्या दिवशी ड्युटीवर कोण असेल ते आम्हाला अजून माहीत नाही.

आपला,
एक आजो, डिचोली