तायगा स्टेशनवरची हातोडी

टॉम्स्क, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

सहा महिने तुझा फोन उचलला नाही, त्याच्या शिव्या नंतर दे. तब्येत बरी, शुगर आहे तिथेच आहे.

सईला मेडिकलला सोडायला सायबेरियात आलोय. नोवोसिबिर्स्कहून टॉम्स्कला येताना तायगा नावाचं स्टेशन लागतं. तिथे विजेचं इंजिन काढून डिझेल जोडतात, कारण टॉम्स्कच्या ब्रँच लाइनवर तारा नाहीत. पाय मोकळे करायला उतरलो आणि मागून आवाज आला. टण्ण... टण्ण... नारिंगी जाकिटातली एक बाई लांब दांड्याच्या हातोडीने चाकं वाजवत, कुठे तडा आहे का ते आवाजावरून ऐकत येत होती. वळून अण्णांना हाकच मारणार होतो रे! सईला सांगायला गेलो तर म्हणाली, "बाबा, आत चला, थंडी वाजतेय."

गाव आपल्यासारखंच, रेल्वेच्या पोटचं. १८९६ला जंगलात वसलं, नावही जंगलाचंच. शहराचा दर्जा मिळायला १९११ उजाडलं. आणि कारभार बघ. पूर्वी सगळं टॉम्स्कच्याच प्रांतात. १९४३ला केमेरोवो वेगळा प्रांत झाला आणि तायगा तिकडे गेलं; टॉम्स्कला स्वतःचा प्रांत मिळाला १९४४ला. म्हणजे गाव केमेरोवोचं, रेल्वेचं मुख्यालय नोवोसिबिर्स्कला आणि उतारू टॉम्स्कचे. गल्लीतली गटार नगरपालिकेची की रेल्वेची, यावर तुझ्या नानांनी जन्मभर अर्ज लिहिले. इथे त्यांना लिहायला तिसरं ऑफिस मिळालं असतं.

पण झोप उडालीय ती वेगळ्याच कारणाने. टॉम्स्क तेव्हा प्रांताची राजधानी, १८८८पासून विद्यापीठ असलेलं. तरी ट्रान्स-सायबेरियन रेल्वेची मेन लाइन त्याला चुकवून गेली. गारिन-मिखाइलोव्स्की नावाच्या इंजिनियरने १८९१ला ओब नदीवरच्या पुलासाठी दक्षिणेची जागा सुचवली. तिथे तळ खडकाळ, टॉम्स्ककडे दलदल. पुलापाशी नोवोसिबिर्स्क उभं राहिलं, टॉम्स्कच्या वाट्याला सुमारे ८० किलोमीटरची ब्रँच लाइन. व्यापाऱ्यांनी लाच दिली नाही म्हणून असं झालं, अशीही दंतकथा आहे. तुला तीच पटणार.

"पोरीला ब्रँच लाइनवर टाकतोयस," असं तू म्हणालास आणि मी ताटावरून उठलो. तेव्हापासूनचा हा अबोला. कर्ज डोक्यावर, पोरीने रशियन शिकायचं, परत येऊन परीक्षा सुटली तरच डॉक्टर. रात्री पडल्या पडल्या हिशोब करतो. मेन लाइनवरचं तायगा वीस-पंचवीस हजार वस्तीचं राहिलं आणि ब्रँचवरचं टॉम्स्क पाच लाखांच्या वर गेलं. म्हणजे तू चूक. मग आठवतं, टॉम्स्कच्या गाडीला मेन लाइन धरायची तर इंजिन बदलावंच लागतं. म्हणजे तू बरोबर. परवा तीनला उठून फोन लावणार होतो, तुझ्याशी भांडायलाच.

आणि तू कुठला मेन लाइनचा रे? भरतीला माझी सायकल घेऊन गेलास, नोकरी लागली, रिटायर झालास, सायकल अजून यायचीय.

वहिनींच्या गुडघ्याचं काय ठरलं? मन्याचं जमलं म्हणे. पेढे ठेव.

नानांना अजून ऐकू येतं ना? त्यांना एक विचार. ती बाई आमच्याच डब्यापाशी थांबली, तेच चाक पुन्हा वाजवलं, वाकून पाहिलं, खडूने काहीतरी लिहिलं आणि पुढे गेली. मला दुसऱ्यांदा आवाज बद्द वाटला. गाडी वेळेवर सुटली, आम्ही धड पोचलो. तरी विचार, असं खडूने काय लिहितात.

तुझा,
बाळ्या