चार्जर घेताना नुसतं 'बारा व्होल्ट' विचारून भागत नाही

संपादक साहेब, नमस्कार.

पावसाळा आला की तुमच्या वाहन पुरवणीत गाडीची काळजी कशी घ्यावी ते येतं, चेन, टायर, ब्रेक सगळं व्यवस्थित असतं, पण बॅटरीचा विषय निघाला की 'वेळोवेळी चार्ज करून घ्यावी' एवढं लिहून मोकळे. अहो पण कशाने चार्ज करावी? सगळा घोळ तिथेच आहे, म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कात्री लावायची तर लावा, पण आकडे तेवढे राहू द्या.

आधी माझाच प्रताप सांगतो. मुलगा बंगळुरूला नोकरीला, त्याची स्कूटर इथे मिरजेत पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी. दोन महिने कोणी हात लावला नाही आणि मग एक दिवस बटण दाबलं तर नुसतं टिक टिक टिक. बॅटरी बसली. दुकानात गेलो, चार्जर द्या म्हटलं, दुकानदाराने एकच विचारलं, "काका, किती व्होल्टची?" बारा म्हटलं. "मग हा न्या, कार बाईक दोन्हीला चालतो." रात्री नऊला लावला आणि झोपलो. पहाटे हिनेच उठवलं, घरभर सडक्या अंड्यासारखा वास, तिला वाटलं सिलिंडर लीक झाला. जाऊन बघतो तर बॅटरीच्या दोन्ही बाजू पुरीसारख्या टम्म फुगलेल्या, हात लावला तर चटका बसेल एवढी तापलेली. मी शहाण्याने स्विच बंद न करता आधी चिमटाच उपटला. ओव्हरचार्ज झालेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी पडली असती तर हे पत्र लिहायला मी नसतो.

नंतर चष्मा लावून दोन्ही वस्तू वाचल्या. चार्जरवर लिहिलेलं, आउटपुट ६ अँपिअर. बॅटरी होती ५ एएचची (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप), आणि तिच्याच स्टिकरवर मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं की ०.५ अँपिअरने ५ ते १० तास चार्ज करा. म्हणजे मी बारा पट करंट रात्रभर आत ढकलत होतो. ना दुकानदाराने एएच विचारलं ना मी सांगितलं. बाराशे रुपये गेले.

साधा हिशोब असा आहे की नेहमीची लेड ॲसिड बॅटरी जेवढ्या एएचची त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा करंट. स्कूटर आणि शंभर सीसीच्या गाड्यांना ३ ते ५ एएच असते, त्यांना अर्ध्या अँपिअरच्या आसपास. जुन्या बुलेटला १४ एएचची असेल तर दीड अँपिअरपर्यंत चालतं. कारची ३५-४० एएचची असते, तिला हिशोबापेक्षा जरा जास्त म्हणजे ६ अँपिअरही पचतात, स्कूटरच्या बॅटरीला नाही पचत. आणि कोणाकडे जुनी येझदी जपून ठेवलेली असेल तर तिची बॅटरी ६ व्होल्टची असू शकते, तिथे व्होल्टसुद्धा आधी बघा.

दुसरी गोष्ट चार्जर करंट आपोआप कमी करतो का नाही ही. गॅरेजमध्ये काटा असलेला जो लोखंडी डबा असतो त्यात ट्रान्सफॉर्मर आणि डायोड, बाकी काही नाही. बॅटरी भरली हे त्याला कळतच नाही, माणसाने बघून काढायचं. आमच्या इथल्या एका गॅरेजात एकाच डब्याला ट्रॅक्टर, रिक्षा, स्कूटर सगळ्यांच्या बॅटऱ्या रात्रभर लावलेल्या मी डोळ्यांनी बघितल्यात, सकाळी 'फुल चार्ज' म्हणून पन्नास रुपये घेऊन देतात. चांगला ऑटोमॅटिक चार्जर आधी करंट देतो, साधारण १४.४ व्होल्टला पोचला की करंट उतरवत नेतो आणि भरल्यावर साडेतेराच्या आसपास नुसता धरून ठेवतो. असा असेल तर महिनाभर उभ्या गाडीला लावून ठेवला तरी चालतं. मात्र बॅटरी अगदीच मेलेली असली तर यातले बरेच चार्जर तिला ओळखतच नाहीत, लाइट लुकलुकतो आणि गप्प बसतात, चार्जर खराब समजून परत करायला जाऊ नका.

ऑनलाइन स्क्रीनवाले 'पल्स रिपेअर' (झटके देऊन जुनी बॅटरी सुधारतो म्हणणारे) चार्जर स्वस्तात मिळतात. त्यावर मोटरसायकलचं चित्र असलेला वेगळा मोड आहे का आणि त्या मोडला किती अँपिअर ते बघा, नसेल तर सोडून द्या. हल्ली हौशी पोरं वजन कमी करायला लिथियम बॅटरी बसवतात, तिला तर हे रिपेअर मोडवाले चार्जर अजिबात लावायचे नाहीत, त्यातले जास्त व्होल्टचे झटके तिला सोसत नाहीत. तिचा चार्जर वेगळा, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) असं लिहिलेला.

आमच्या शेजाऱ्यांनी तर वेगळीच शक्कल काढली, वायफाय राउटरचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर कापून वायरी जोडल्या. दोन दिवस ठेवला, काही फरक नाही. होणारच नाही ना, भरलेली बॅटरीच १२.६ ते १२.८ व्होल्टची असते, खालच्या टाकीतून वरच्या टाकीत पाणी आपोआप चढतं का कधी? अजून एक जण घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला जोडा म्हणाले. कृपा करून जोडू नका.

घरोघरी दिला जाणारा सल्ला म्हणजे 'रोज पाच मिनिटं चालू करून ठेव रे'. आमच्या आई अजून सांगतात. पूर्वी किक मारून चालू करायचो तेव्हा ठीक होतं. आता २०१७ च्या एप्रिलपासून नव्या गाड्यांचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत बंदच होत नाही, वर सेल मारताना बॅटरीच खाल्ली जाते, जागेवर पाच मिनिटं घरघर करून ते भरून येत नाही. वीस-पंचवीस मिनिटं रस्त्यावर फिरवून आणा नाहीतर चार्जर लावा. आणि २०२० च्या बीएस-६ प्रदूषण नियमांनंतर बहुतेक नव्या गाड्या फ्युएल इंजेक्शनवर आल्या, पेट्रोलचा पंपसुद्धा बॅटरीवर, बऱ्याच गाड्यांना किकच नाही. त्यामुळे बॅटरी बसली की गाडी जागेवरच बसते, पूर्वीसारखं दोन पोरांनी ढकलून सुरू होईलच असं नाही. म्हणून म्हणतो हा विषय आता एका वाक्यात उरकण्याचा राहिला नाही.

तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घरात ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी बघा, १२.६ च्या वर असेल तर उत्तम, १२.४ च्या खाली गेली की चार्जिंगला लावा, १२ ला आली म्हणजे जवळजवळ रिकामी. अशीच रिकामी पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग कितीही भारी चार्जर आणा, धरत नाही. चार्जर काढल्याकाढल्या मात्र मोजू नका, तेव्हा १३ च्या वर दाखवतं आणि आपण खूश होतो, तीन-चार तास जाऊ द्या. गाडी चालू करून जरा रेस दिल्यावर १४ च्या आसपास दिसत नसेल तर दोष बहुधा बॅटरीचा नाही, रेग्युलेटरचा किंवा वायरिंगचा आहे, तसं असेल तर नवीन बॅटरी टाकली तरी पंधरा दिवसांत तीही बसणार. गॅरेजवाले हे न तपासता आधी बॅटरी बदलायला लावतात हा माझा स्वतःचा अनुभव, पण ती कथा वेगळ्या पत्राची.

तर माझी मागणी एवढीच आहे की पुढच्या पुरवणीत बॅटरीच्या स्टिकरचा एक मोठा फोटो छापा, कुठे एएच लिहिलेलं असतं, कुठे चार्जिंगचा करंट, ते बाण काढून दाखवा. आणि दुकानदारांनी गिऱ्हाइकाला व्होल्टबरोबर एएच पण विचारावं, दोन सेकंदांचं काम आहे.

फुगलेली बॅटरी मी भंगारवाल्याला दिली नाही, २०२२ च्या नियमांप्रमाणे ती कचऱ्यात टाकायची नसते, नवीन घेताना दुकानातच परत केली, थोडे पैसेही सुटले. नवीन चार्जर एक अँपिअरच्या आतला आणलाय. तो ६ अँपिअरवाला अजून माळ्यावर आहे, परवा त्याच राउटरवाल्या शेजाऱ्यांच्या कारची बॅटरी बसली तेव्हा त्यांना वापरायला दिला होता, कारला तो बरोबर चालला.

आपला,
एक जुना वाचक, मिरज