बावन्नाव्या क्रमांकाचं पुढं काय होतं?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या एनबीए बास्केटबॉल लीगचे संघ दरवर्षी पाळीपाळीनं एकेक नवा खेळाडू निवडतात; ही खेळाडू-निवड जूनच्या अखेरीस होते आणि आपल्या क्रीडा पानावर पहिल्या क्रमांकाच्या मुलाचा फोटो येतो. तो यावाच. पण त्याच यादीत तळाला ज्यांची नावं असतात, चाळिसाव्या-पन्नासाव्या क्रमांकाची पोरं, त्यांच्याबद्दल एक ओळही नसते. आमच्या भागातल्या उंच मुलांच्या घरी विचारणा होते ती नेमकी त्यांचीच. बेळगाव-खानापुरात पहिल्या क्रमांकाचं स्वप्न कुणी बघत नाही. बघतात ते पंजाबच्या सतनाम सिंगच्या बावन्नाव्या क्रमांकाचं. म्हणून हे पत्र.

मी इथल्या एका मराठी हायस्कुलात क्रीडाशिक्षिका होते. निवृत्तीनंतरही सकाळी मुलामुलींना बास्केटबॉल शिकवते. यंदा उचगावकडचे एक शेतकरी आपल्या नववीतल्या मुलाला घेऊन आले. पोरगा सहा फुटांना टेकलेला. वडील म्हणाले, “बाई, एवडं उंच पोरगं हाय, तेचं कायतरी व्हईल काय? त्या पंजाबच्या पोराचं झालं म्हणत्यात.” मी त्यांना बसवून जे सांगितलं तेच इथं लिहिते, कारण हा प्रश्न विचारणारे ते एकटे नाहीत.

सतनाम सिंग भमरा पंजाबातल्या बल्लो के गावचा, शेतकऱ्याचा मुलगा. लुधियानाच्या अकादमीत तयार झाला, 2010 मध्ये शिष्यवृत्तीवर फ्लोरिडाला गेला, आणि 25 जून 2015 रोजी डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला 52 व्या क्रमांकावर घेतलं. उंची सात फूट दोन इंच. भारतात जन्मलेला कुणी एनबीएच्या निवडीत येण्याची ती पहिली वेळ. आनंद सगळ्यांनाच झाला, मलाही. पण पुढचं पान आपल्याकडे फारसं कुणी वाचलं नाही. एनबीएच्या एकाही सामन्यात तो कोर्टवर उतरला नाही. डॅलसच्या दुय्यम संघाकडून, टेक्सस लेजेंड्सकडून, तो दोन हंगाम राहिला, त्यातही बहुतेक वेळ बेंचवर. पुढं कॅनडातल्या लीगमध्ये खेळला आणि 2021 मध्ये अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीत गेला.

असं का झालं, याचं उत्तर अर्धं नियमांत आहे आणि अर्धं खेळात.

नियमांचं आधी. एनबीएच्या निवडीत दोन फेऱ्या असतात, साधारण साठ मुलांची नावं पुकारली जातात. पहिल्या फेरीतल्या मुलाचा पगार तक्त्यानुसार ठरलेला असतो आणि पहिल्या दोन वर्षांचे पैसे पक्के असतात. दुसऱ्या फेरीतल्याला त्यातलं काहीच हक्कानं मिळत नाही. संघाला त्याच्यावर फक्त पहिला अधिकार मिळतो. करार करायचा की नाही, किती वर्षांचा, किती पैसे पक्के, हे सगळं पुढच्या बोलणीवर. जुलैत नवोदितांना पारखणारी उन्हाळी लीग, शरद ऋतूत सराव शिबिर, आणि हंगाम सुरू होण्याआधी कपात. तीस संघ, प्रत्येकी पंधरा पूर्ण करार, म्हणजे जगभरातून 450 जागा. त्या आधीच भरलेल्या असतात. नवीन मुलाला जागा मिळायची तर जुन्याची जावी लागते.

या पंधरांशिवाय आता ‘टू-वे’ करार असतो. खेळाडूला नवोदिताच्या किमान पगाराच्या निम्मा पगार, अर्धा वेळ मुख्य संघाबरोबर, अर्धा वेळ ‘जी लीग’ या एनबीएच्याच खालच्या लीगमधल्या दुय्यम संघात, आणि 82 पैकी जास्तीत जास्त 50 सामन्यांसाठी मुख्य संघाच्या यादीत. प्रत्येक संघाला असे तीन करार करता येतात. तळाच्या क्रमांकाची बरीच मुलं आज याच वाटेनं टिकतात. ही सोय 2017 च्या हंगामापासून आली. सतनामचे ते दोन हंगाम त्याच्या आधीच संपले होते. माणसाच्या नशिबात वेळही असते, हे मान्य करावं लागतं.

एक गोष्ट तर पालकांना सांगितली की पटतच नाही. शेवटच्या पाच-दहा क्रमांकांत नाव येण्यापेक्षा अजिबात न आलेलं कधीकधी बरं. नाव पुकारलं की एकाच संघाशी बांधला जातो, तिथं त्याच्या जागेवर आधीच चार जण असले तरी. नाव न आलेला मुलगा त्याच रात्री ज्या संघाला गरज आहे त्याच्याकडे जाऊ शकतो. फ्रेड व्हॅनव्लीटला 2016 मध्ये कुणीच निवडलं नव्हतं. तो टोरंटोला गेला आणि 2019 च्या विजेत्या संघात होता.

आता खेळाचं, आणि याबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

जून 2015 मध्ये, सतनामची निवड होण्याच्या काही दिवस आधी, गोल्डन स्टेट वॉरियर्सनी विजेतेपद मिळवलं. अंतिम मालिकेत मागं पडल्यावर त्यांनी आपला उंच सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा खेळाडू, बसवला आणि साडेसहा फुटांच्या ड्रेमंड ग्रीनला रिंगखाली उभं केलं. तो पाच जागांवर बचाव करायचा, पळायचा, पास द्यायचा. सगळा खेळ लांबच्या तीन गुणांच्या फेकीकडे आणि वेगाकडे वळत होता. नेमक्या त्याच महिन्यात सात फूट दोन इंचांचा, जड पायांचा, कॉलेज किंवा व्यावसायिक सामन्यांचा अनुभव नसलेला आपला मुलगा लीगच्या दारात उभा राहिला. ज्या कामासाठी त्याला लहानपणापासून घडवलं होतं, ते कामच कमी होत चाललं होतं. आणि हा ग्रीन कितवा निवडला गेला होता? 2012 मध्ये, 35 वा. तोही दुसऱ्या फेरीतलाच.

सतनामच्या एकच घर आधीचा क्रमांक बघा, 51 वा. 2003 मध्ये तो काइल कॉर्व्हरचा होता. न्यू जर्सीनं त्याला निवडलं आणि लगेच सव्वा लाख डॉलर रोख घेऊन फिलाडेल्फियाला देऊन टाकलं. त्या पैशातून उन्हाळी लीगचा खर्च भागवला आणि कार्यालयासाठी झेरॉक्स मशीन घेतलं. तो कॉर्व्हर सतरा हंगाम खेळला. त्याला एक गोष्ट येत होती, लांबून चेंडू टाकणं, आणि ती जगात मोजक्या लोकांना त्याच्याइतकी येत होती. 2009-10 च्या हंगामात तीन गुणांच्या त्याच्या शंभर फेकींतल्या त्रेपन्नाहून जास्त आत गेल्या. हंगामाचा तो विक्रम आहे. तळाचा खेळाडू टिकतो तो असा. पहिल्या क्रमांकाच्या मुलाला संघ चार वर्षं सांभाळून घेतो, चुका करू देतो. एक्कावन्नाव्याला पहिल्याच आठवड्यात काहीतरी पूर्ण तयार दाखवावं लागतं: फेक, बचाव, किंवा डोकं.

डोक्यावरून आठवतो सर्बियाचा निकोला योकिच. डेन्व्हरनं त्याला 2014 मध्ये 41 व्या क्रमांकावर घेतलं, आणि त्याचं नाव पुकारलं तेव्हा दूरचित्रवाणीवर जाहिरात चालू होती. फार वेगवान नाही, उंच उडी नाही. पण सेंटर असून गार्डसारखे, म्हणजे बाहेरून चेंडू खेळवणाऱ्यासारखे, पास देतो. 2021, 2022 आणि 2024 मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू, 2023 मध्ये विजेतेपद. इतक्या खालच्या क्रमांकाचा कुणीही आधी सर्वोत्तम ठरला नव्हता.

तरी योकिचचं उदाहरण मुलांना देताना मी नेहमी दुसरं वाक्य जोडते. निवड झाल्यावर तो लगेच अमेरिकेला गेला नाही. एक वर्ष सर्बियातच, आपल्या क्लबकडून, मोठ्या माणसांच्या सामन्यांत खेळला. अर्जेंटिनाचा मानू जिनोबिली 1999 मध्ये 57 वा निवडला गेला. तो 2002 पर्यंत इटलीत खेळला, तिथं युरोलीग ही युरोपातल्या क्लबांची मोठी स्पर्धा जिंकला आणि मग सॅन अँटोनियोला जाऊन चार विजेतेपदं घेतली. दोघांनाही पिकायला घरचं अंगण होतं. सतनामला परत येऊन वर्षभर खेळता येईल अशी भक्कम व्यावसायिक लीग भारतात नव्हती. दुसऱ्या फेरीचं भविष्य त्या मुलाच्या हातात जितकं असतं, तितकंच त्याच्या मागं काय उभं आहे यावरही असतं. गुरदासपूरचा प्रिन्सपाल सिंग 2021 च्या उन्हाळी लीगमध्ये विजेत्या सॅक्रामेंटोच्या संघात होता, पण मुख्य संघापर्यंत तोही पोचला नाही. मुलं कमी पडतात असं म्हणून आपण मोकळे होतो, ते मला मंजूर नाही.

आता आपल्याकडे येते. शाळेच्या संघात सातवी-आठवीचा सगळ्यांत उंच मुलगा आला की आपण काय करतो? रिंगखाली उभा करतो. हात वर कर, कुणीतरी चेंडू वर टाकेल, तू बोर्डवर मार. तालुक्याला जिंकतो, जिल्ह्यालाही कधी जिंकतो. शाळेला चषक मिळतो. चेंडू खाली आपटत पळायला त्याला कुणी शिकवत नाही, कारण तो चेंडू हरवेल आणि सामना जाईल. मग सोळाव्या वर्षी त्याची उंची सहा फूट एक-दोन इंचांवर थांबते. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून तो निवड चाचणीला बेंगळूरला उतरतो, आणि तिथं गार्डच त्याच्याएवढे उंच असतात. रिंगखाली त्याच्यापेक्षा अर्धा फूट उंच मुलगा उभा असतो. बाहेर खेळायला याला येत नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी तो परतीच्या गाडीत. ही मुलं मी पाहिली आहेत, त्यांच्या आयांनाही ओळखते. मुलींचंही असंच होतं, फक्त त्यांना दहावीनंतर दुसरी संधी त्याहून कमी मिळते.

म्हणून उचगावच्या त्या वडिलांना मी सांगितलं की एनबीएचा हिशेब सध्या बाजूला ठेवा. पोराला गार्डसारखं शिकू द्या. दोन्ही हातांनी ड्रिबल, रिंगकडे पाठ करून पास, फ्री थ्रो, बाजूला सरकत बचाव. दोन वर्षं तो संघात कमी गुण करेल, कदाचित पहिल्या पाचांत नसेल. त्याला घरी कुणी बोलू नका. सैन्यदल, रेल्वे, पोलीस यांच्या संघांत खेळाडूंची भरती होते आणि तिथंही उंचीबरोबर हात आणि पाय बघतात. ते गृहस्थ शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, “म्हंजे आत्ता गुन कमी पडले तरी चालतंय की.” होय, चालतंय.

पण गावात ते चालत नाही, आणि इथं आपल्या वृत्तपत्राशी माझं काम आहे. शालेय किंवा दसरा क्रीडा स्पर्धेची बातमी येते तेव्हा छापलं जातं ते एवढंच: अमुक शाळेनं तमुक शाळेला हरवलं, विजयी संघाकडून याने इतके गुण केले. ज्यानं दहा पास देऊन ते गुण करवले, ज्यानं समोरच्या उत्तम खेळाडूला अडवून ठेवलं, ज्यानं रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेले चेंडू, घेतले, त्याचं नाव कुठंच नसतं. कॉर्व्हर, ग्रीन, योकिच ज्या गोष्टींवर टिकले त्या आपल्या बातमीत शिरतच नाहीत. घरी आजोबा पेपर उघडतात, नातवाचं नाव शोधतात, नसलं की म्हणतात, पोरगं काय खेळत नाही. पुढच्या सामन्यात तो पोरगा पास देणं सोडतो आणि मिळेल तिथून चेंडू टाकू लागतो. मुख्याध्यापक आणि संस्थाचालकही बातमी वाचूनच मत बनवतात, हे मी नोकरीच्या काळात जवळून पाहिलं आहे.

तेव्हा दोन विनंत्या. पहिली, निवडीच्या वेळी पहिल्या क्रमांकाच्या फोटोखाली छोटी चौकट करून दुसऱ्या फेरीतल्या दोन-तीन मुलांबद्दल लिहा, आणि ऑक्टोबरात संघ जाहीर झाले की त्यांचं काय झालं तेही कळवा. राहिला असेल तर कशामुळे राहिला, आणि सुटला असेल तर कुठं गेला. दुसरी, स्थानिक बास्केटबॉल सामन्यांच्या बातमीत गुणांबरोबर पास, रिबाउंड आणि हिसकावलेले चेंडू यांची नावानिशी एक ओळ द्या. वार्ताहरांना सगळे सामने शेवटपर्यंत बघणं शक्य नसतं हे मला माहीत आहे. माझ्या जुन्या विद्यार्थिनींपैकी काही जणी नोंदी ठेवायला शिकल्या आहेत. कोर्टच्या कडेला टेबल मांडून त्या प्रत्येक सामन्याचा तक्ता मराठीत भरतील आणि रात्री नऊच्या आत आपल्या कार्यालयात पोचवतील. पावसाळ्यात कोर्ट ओलं असल्यानं सामने पुढं-मागं होतात, तो बदलही आम्हीच आधी कळवू. येत्या तालुका स्पर्धेपासून सुरुवात करता येईल. आपला होकार कळला की तक्त्याचा नमुना पाठवते.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
शहापूर, बेळगाव