परतीचा दिवस आणि फेरीबोटीची वेळ

कोकण किनाऱ्याने फिरून मुंबई-ठाण्याकडे परतताना शेवटचा दिवस घड्याळाशी झटापट करण्यात जातो. केळशीहून निघालो. वेश्वी-बागमांडला फेरीबोटीत गाडी चढली, खलाशाने चाकामागे लाकडी उटी ठोकली आणि सावित्री नदी पार झाली. इथवर सगळे सुरळीत. पुढे दिघीला पोचलो तर आगरदांड्याची बोट नुकतीच सुटलेली. पुढची कधी, हे सांगायला एकही फलक नाही. तिकीट खिडकीवर उत्तर मिळाले, ‘गाड्या भरल्या की निघेल.’

बरे, बोट चुकली म्हणून दुसरा सोपा रस्ता आहे असेही नाही. दिघीहून म्हसळ्याकडे वळसा, वेश्वीहून म्हाप्रळ-आंबेतचा. त्यात मांडव्याहून गाडीसकट मुंबईला नेणाऱ्या रो-रो बोटीचे आरक्षण वेळेशी बांधलेले! मुरूड, काशीद, रेवदंडा हा देखणा पट्टा मग खिडकीतून पळतच बघायचा. पोरे वाळूत उतरायला मागतात आणि आपण ‘पुढच्या वेळी’ म्हणून गाडी दामटतो.

रेवस-रेड्डी सागरी महामार्ग हे माजी मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या काळापासूनचे स्वप्न. खाड्यांवरचे पूल होतील तेव्हा होतील. तोवर निदान श्रीवर्धन, म्हसळा आणि मुरूडच्या नाक्यांवर फेरीबोटींच्या वेळा, शेवटची फेरी आणि दर ठळक मराठीत लावावेत. भरतीओहोटीमुळे वेळ बदलली तर तेही खडूने लिहावे. दोन्ही धक्क्यांवर वापरण्याजोगे स्वच्छतागृह मात्र बोटीच्याही आधी हवे.

– एक वाचक, ठाणे