कुत्रं गुरगुरलं तर त्याला गप्प करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इमारतींमधल्या पाळीव कुत्र्यांवरून आपल्या पत्रांच्या सदरात गेले काही दिवस चर्चा चालू आहे. बहुतेक पत्रं शेजाऱ्यांची आहेत आणि त्यांचा राग मला समजतो. मी मात्र कुत्रं पाळणाऱ्यांपैकी. सातव्या मजल्यावर राहते. घरात सावी नावाची पाच वर्षांची कुत्री आहे आणि ती एकदा एका माणसाला चावली आहे. ते कसं घडलं आणि पुढे आम्ही काय केलं, ते सविस्तर लिहिते. चूक माझी होती, आणि तीच चूक मला आजूबाजूच्या घरांमध्ये रोज होताना दिसते.

सावी तेव्हा अकरा महिन्यांची होती. लिफ्टमध्ये कुणी शिरलं की ती माझ्या पायांमागे सरकायची, तोंड फिरवायची, सारखे ओठ चाटायची. मला वाटायचं, लाजते. एक दिवस ती गुरगुरली. मी घाबरले आणि एका प्रशिक्षकाला बोलावलं. त्यांनी गळ्यात काटेरी साखळी घालायला लावली. गुरगुरली की त्याच क्षणी झटका द्यायचा, घरात वरचढ कोण ते तिला कळलंच पाहिजे, असं त्यांचं सांगणं. आठ दिवसांत गुरगुरणं थांबलं. ते मी भेटेल त्याला कौतुकाने सांगत होते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी पाचव्या मजल्यावरचे आजोबा लिफ्टमध्ये आले. ओळखीचे, प्रेमळ. वाकून तिच्या डोक्यावरून हात फिरवायला गेले आणि सावीने हूं की चूं न करता त्यांचा हात धरला. अंगठ्याच्या मुळाशी दोन दात उमटले. नळाच्या धारेखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली आणि लगेच त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. (सावीची रेबीजची लस वेळेवर झालेली होती. तरीही अशा वेळी घरच्या घरी निर्णय घेऊ नये, डॉक्टरांना दाखवावंच.)

आमच्या पशुवैद्य बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘‘ती आधी सांगत होती ना? मग तिचं सांगणं कुणी बंद केलं?’’

मला उत्तर द्यायला जमलं नाही. सावीची भीती तशीच होती. झटक्याने ती गेली नव्हती, उलट माणूस लिफ्टमध्ये आला की गळ्याला दुखतं हेही तिच्या डोक्यात पक्कं बसलं. मी बंद केला होता तो तिचा आवाज.

बाईंनी त्या दिवशी मला कुत्रं वाचायला शिकवलं. नजर चुकवणं, झोप आलेली नसताना जांभई देणं, ओठ चाटणं, एक पंजा उचलून धरणं, कान मागे नेणं ही त्याची पहिली कुजबुज. मग अंग ताठ होतं, तोंड मिटतं, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसू लागते. गुरगुरणं त्याच्या पुढचं, आणि चावा सगळ्यात शेवटी. शेपटी हलते म्हणजे कुत्रं खूश आहे, हेही दर वेळी खरं नसतं. सैल अंगाने, कंबरेपासून हलणारी शेपटी वेगळी आणि ताठ उभी राहून भरभर थरथरणारी वेगळी. त्या दिवशी सावीची शेपटी हलत होती, असं आजोबा नंतर म्हणाले. हलत होतीच, पण ताठ.

‘वरचढ कोण ते दाखवा’ हा सल्ला आला कुठून, तेही मी शोधलं. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये बंदिस्त जागेत एकत्र ठेवलेल्या लांडग्यांचा अभ्यास मांडला होता. त्यांच्यातल्या मारामाऱ्यांवरून कळपाच्या म्होरक्याची कल्पना पसरली आणि ती कुत्र्यांनाही लावली गेली. तिच्या प्रसाराला लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांचं लिखाणही कारण झालं. पण पुढे त्यांनीच मोकळ्या रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि 1999 मध्ये स्पष्ट लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आई-वडील आणि त्यांची पिल्लं असं कुटुंबच असतं. तरीही पिल्लाला उलथं करून दाबून ठेवा, असं सांगणारे आजही भेटतात. कृपा करून ऐकू नका.

आता आम्ही काय केलं ते. काटेरी साखळी त्याच दिवशी टाकून दिली. छातीवर बसणारा पट्टा आणला आणि दोन मीटरची साधी दोरी. गुंडाळली जाणारी लांब दोरी इमारतीत वापरूच नये. कुत्रं बाहेर राहून लिफ्टचा दरवाजा मिटला तर काय होईल, याचा विचार करा. दरवाज्यातून जाताना दोरी आखूड धरायची, पण ताणायची नाही.

पहिले पंधरा दिवस लिफ्टमध्ये शिरलोच नाही. वर्दळ नसेल तेव्हा आम्ही दोघी दरवाज्यापासून तीन-चार मीटरवर उभ्या राहायचो. दरवाजा उघडला, आत माणूस दिसला की माझ्या हातून उकडलेल्या चिकनचा वाटाण्याएवढा तुकडा. दरवाजा मिटला की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा आहे, आधी माणूस दिसायचा आणि मग खाऊ. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगात आधी खूण आणि मागून अन्न होतं, तसंच. सावी शांत आहे की नाही हे मी पाहतच नव्हते, कारण हे बक्षीस तिच्या वागण्याचं नव्हतंच. माणूस आला की चांगलं काहीतरी होतं, एवढंच तिला कळायला हवं होतं. तिने खाऊ घेतला नाही किंवा बोटांवर दात लागतील असा हिसकावला, तर आपण फार जवळ आलो असं समजून मी दोन पावलं मागे जायची. सगळं शिकवणं त्या दोन पावलांत होतं, असं मला आज वाटतं.

सोबतीला जाळीची तोंडपिशवी. तोंड आवळून बांधणारी कापडी नको, कारण त्यात कुत्र्याला धापा टाकता येत नाहीत. जाळीत खाऊ ठेवायचा, तिने स्वतःहून नाक आत घालायचं. तोंडपिशवीचा पट्टा बांधायला आम्ही दोन आठवडे घेतले. तोंडपिशवी दिसली की लोक कुत्र्याला वाईट समजतात. मला मात्र तिच्यामुळे मोकळा श्वास घेता आला आणि माझे हात थरथरायचे थांबले.

महिनाभराने आजोबा स्वतः म्हणाले, मी येतो मदतीला. ते पाठमोरे उभे राहायचे, तिच्याकडे न बघता खाऊ जमिनीवर टाकायचे आणि निघून जायचे. हात पुढे करायचा नाही, हाक मारायची नाही. चौथ्या महिन्यात सावीने जाऊन त्यांच्या चपलेचा वास घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते, माझेही.

घरात आम्हाला आणखी एक गोष्ट निस्तरावी लागली. मी ‘बस’ म्हणायची, मुलगा ‘सिट’ आणि हे ‘खाली बस’. त्यात ‘खाली’ म्हणजे सोफ्यावरून उतर, असंही. बिचारीने ऐकायचं कुणाचं? आम्ही कागदावर सहा शब्द लिहून फ्रिजवर लावले आणि सगळ्यांनी तेच वापरायचे ठरवलं. शब्द एकदाच उच्चारायचा. जमलं की सेकंदभरात ‘शाब्बास’ आणि लगेच खाऊ. खिशात हात घालून चाचपडेपर्यंत कुत्रं उठून उभं राहतं आणि आपण उठण्याचं बक्षीस देऊन बसतो. एका वेळी तीन-चार मिनिटं, दिवसातून तीनदा, एवढं पुरतं. हा खाऊ रोजच्या जेवणातून वजा करा. आणि द्राक्षं, मनुका, चॉकलेट चुकूनही देऊ नका, कुत्र्यांना ती विषारी असतात.

पिल्लू आणणार असाल तर हा एवढा त्रास बराचसा टळू शकतो. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टी सहज स्वीकारतं. स्कॉट आणि फुलर यांनी 1965 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या काळाची नोंद आहे. आम्ही सगळ्या लसी पूर्ण होईपर्यंत सावीला घराबाहेर काढलंच नाही, आणि तो काळ कोंडून ठेवण्यातच गेला. लसी चालू असतानाही तिला कडेवर घेऊन लिफ्टमध्ये उभं राहता आलं असतं. छत्री, काठी, हेल्मेट, रडणारं बाळ, सगळं लांबून दाखवता आलं असतं. नव्याने पिल्लू आणणाऱ्यांनी पशुवैद्यांना विचारून हे पहिल्या आठवड्यापासून करावं. शी-शूची सवय लावायला झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच बाहेर न्या. घरात झालं तर नाक घासू नका, त्यातून ते तुमच्यासमोर न करता पलंगाखाली करायला शिकतं.

शेजाऱ्यांनाही एक विनंती. कुत्रं आवडत असेल तरी त्याच्यावर वाकू नका, लहान मुलांना मिठी मारू देऊ नका, आधी पाळणाऱ्याला विचारा. आणि पाळणाऱ्याने ‘‘आमचं काही करत नाही हो’’ असं म्हणू नये. ‘‘तिला वेळ लागतो, तुम्ही पुढे जा, आम्ही नंतर येतो’’ असं म्हटलं तर कुणी रागावत नाही, हा माझा चार वर्षांचा अनुभव आहे.

परवा रात्री लिफ्ट उघडली तर आत दोन अनोळखी माणसं मोठं कपाट घेऊन उभी होती. सावी मागे सरली आणि हलकेच गुरगुरली. मी तिला ‘‘हो गं, कळलं मला’’ म्हटलं, दोन पावलं मागे घेतली आणि त्यांना हाताने पुढे जायची खूण केली. दरवाजा मिटला. तिने अंग झटकलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आम्ही पुढच्या लिफ्टची वाट पाहत उभ्या राहिलो.

आपली,
एक वाचक