काटकसर डाळीच्या वाटीतून नको

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कमी खर्चातल्या पौष्टिक पाककृती येतात. मी त्या आवडीने वाचते, पण त्यातला खर्च कोणत्या घराचा धरलेला असतो, हा प्रश्न दर वेळी पडतो. पनीर, मश्रूम आणि ढोबळी मिरची घातलेला पदार्थ आमच्या वागळे इस्टेटमधल्या घरांत स्वस्त ठरत नाही. मी या भागात अंगणवाडी सेविका होते, आता निवृत्त आहे. घरी आम्ही सहा माणसं, त्यात दोन नातवंडं, आणि कमावता मुलगा एकटा. स्वयंपाकाचा हिशेब अजून माझ्याकडेच आहे, म्हणून हे पत्र.

महिन्याची वीस तारीख उलटली की घराघरांत पहिला हात पडतो तो डाळीवर. तांदूळ रेशनचा असतो, त्यामुळे भात कमी होत नाही. भाजी आधीच बेताची. मग आमटीत दोन मुठींच्या जागी एकच मूठ डाळ पडते, पाणी वाढतं, चिंच आणि तिखट वाढतं. चव लागते, पोट भरतं, त्यामुळे काही कमी पडलंय हे घरात कोणाच्या ध्यानातही येत नाही. मला ते मुलांची वजनं घेताना दिसायचं. दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली घेर गेला तर मूल तीव्र कुपोषित, साडेबाराच्या खाली मध्यम. अशा मुलाच्या आईला विचारलं तर ती मनापासून सांगायची, "बाई, वरणभात पोटभर जेवतो की." वरण किती डाळीचं करता, हे विचारलं की उत्तर कळायचं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराच्या मार्गदर्शक सूचना नव्याने काढल्या. त्यात दोन हजार कॅलरींच्या दिवसभराच्या ताटासाठी धान्य २५० ग्रॅम सांगितलं आहे आणि डाळी-कडधान्यं, अंडी, मासे-मटण मिळून ८५ ग्रॅम. म्हणजे ढोबळ मानाने तीन वाट्या धान्यामागे एक वाटी डाळ. तांदूळ-गव्हाच्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत असतं, डाळीत जे कमी ते धान्यात असतं, म्हणून वरणभात आणि उसळ-भाकरी ही जोडी पक्की आहे. पण दोन्ही ताटात हवीत. त्या हिशेबाने सहा माणसांना रोज अर्धा किलो डाळ लागेल. इतकी आमच्याकडेही शिजत नाही. पण पाव किलोच्या खाली मी उतरू देत नाही, मग बाकी काहीही कमी करावं लागो.

तूरच पाहिजे असा हट्ट सोडला तर हे जमतं. मसूर आणि हरभरा बहुतेक वेळा तुरीपेक्षा स्वस्त पडतात आणि मसूर शिजतोही लवकर. मी मूळची महाडकडची, त्यामुळे आमच्याकडे आठवड्यातून दोनदा तरी कुळथाची पिठी होतेच. भाजून दळलेलं कुळथाचं पीठ भरलेली एक वाटी सहा जणांना पुरते. पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यायचं, नाहीतर गुठळ्या होतात. थोड्या तेलात भरपूर ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, हिंग, हळद. लसूण तांबूस झाला की पाणी आणि तीन-चार आमसुलं. पाण्याला उकळी आली की कालवलेलं पीठ एका हाताने ओतायचं, दुसऱ्या हाताने ढवळत राहायचं. पाच-सात मिनिटांत पिठी दाटते आणि तिचा तो खमंग वास चाळीत दोन घरं पुढे जातो. गरम भातावर घ्यायची. कांदा, टोमॅटो, खोबरं काहीच लागत नाही. १०० ग्रॅम कुळथात २० ग्रॅमच्या वर प्रथिनं असतात, तांदळात सात-आठ. शिवाय गॅस किती थोडा लागतो ते बघा. १४.२ किलोचा सिलिंडर दीड महिना पुरवायचा म्हणजे हेही मोजावं लागतं.

त्यासाठीच कडधान्य भिजवल्याशिवाय मी कुकरमध्ये टाकत नाही. मटकी सकाळी भिजत घालायची, रात्री फडक्यात घट्ट बांधून ठेवायची. दुसऱ्या दिवशी मोड आलेली मटकी भाताच्या खालच्या भांड्यात त्याच शिट्ट्यांत शिजते. वर लिंबू पिळायचं, कारण कडधान्यातलं लोह अंगी लागायला लिंबातलं क जीवनसत्त्व मदत करतं. आणि जेवणाला लागून चहा नको, चहा त्याच लोहाच्या आड येतो. देशातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हा आकडा ५७ टक्के होता. आमच्या गल्लीतल्या बायका दुपारचं जेवण उरकलं की लगेच चहा ठेवतात. ही एक सवय बदलायला पैसा लागत नाही.

पावसाळ्यात येऊरच्या आणि शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बाया रानभाज्यांचे वाटे घेऊन बसतात. टाकळा कोवळा असतानाच घ्यावा, फुलावर आला की कडू लागतो. भिजवलेली मूठभर हरभरा डाळ आणि कांदा घालून परतला की भाकरीबरोबर दुसरं काही मागावं लागत नाही. मंडईत मेथी-कोथिंबीर परवडेनाशी होते, नेमक्या त्याच दिवसांत हा वाटा मिळतो. माझी विनंती आहे की तिथे घासाघीस करू नये. त्या बाया पहाटे निघालेल्या असतात. मासे खाणाऱ्यांनी पावसाआधी सुका जवळा भरून ठेवावा. मूठभर जवळा कोरडा भाजून वांग्यात किंवा दुधीत टाकला की साऱ्या घराचं कालवण होतं.

मग कमी काय करायचं? मुलांच्या हातातल्या पाच-दहा रुपयांच्या पुड्या. दोन मुलांना रोज दहा-दहा रुपये म्हटले तर महिन्याला सहाशे होतात. तेवढ्यात महिन्याचा मसूर, शेंगदाणे आणि गूळ आरामात येतो. सुनेला हे पटायला वेळ लागला, कारण मुलं रडतात आणि शेजारच्या मुलाच्या हातात पुडी असते. तिला मी दोष देत नाही. पण आता डब्यात शेंगदाण्याचा लाडू असतो किंवा नाचणीची आंबोळी. नाचणीत कॅल्शियम १०० ग्रॅमला ३०० मिलिग्रॅमच्या वर आहे, आणि दूध प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही अशा घरात त्याची किंमत मोठी आहे.

आमच्या चाळीतली चार घरं मिळून तुर्भ्याच्या दाणा बाजारातून मसुराचा कट्टा आणतो. ट्रान्स हार्बरच्या लोकलने, मालडब्यातून. किलोमागे जे वाचतं त्यातून डाळीचा एक डबा जास्त भरतो. पण हे चार घरांचं जमलं म्हणून सगळ्यांचं जमेल असं नाही. कट्ट्याचे पैसे एकरकमी द्यावे लागतात, आणि रोजच्या रोज मजुरी घेणाऱ्या घराकडे ते नसतात.

म्हणून मूळ मागणी सरकारकडे आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं आणि २०२३ पासून ते मोफत आहे. त्या धान्याने आमच्या भागातल्या किती चुली पेटत्या राहिल्या हे मी पाहिलं आहे. पण पिशवीत तांदूळ-गहूच असतो. करोनाच्या काळात, २०२० च्या एप्रिल ते नोव्हेंबरात, धान्याबरोबर दर कुटुंबाला महिन्याला एक किलो डाळ किंवा हरभरे द्यायचं केंद्राने ठरवलं होतं. राज्य सरकारने २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत आनंदाचा शिधा दिला, त्यातही एक किलो हरभरा डाळ होती. म्हणजे डाळ रेशनच्या दुकानापर्यंत पोचवता येते. ती सणापुरती का, दर महिन्याला का नाही? मोफत नको, रास्त भावात दोन किलो मसूर किंवा हरभरा दिला तरी चालेल. घ्यायला बाया रांगेत उभ्या राहतील.

आपल्या वार्ताहरांनी ठाण्यातल्या रेशन दुकानांच्या रांगेत उभं राहून या बायांना डाळीबद्दल विचारावं आणि ते छापावं. पुरवणीतल्या पाककृतीखालीही तो पदार्थ किती माणसांना पुरतो, डाळ किती ग्रॅम पडली आणि त्या आठवड्याच्या भावाने खर्च किती आला, या तीन ओळी द्याव्यात. कुळथाच्या पिठीपासून सुरुवात केलीत तर प्रमाण वर दिलंच आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका,
वागळे इस्टेट, ठाणे (प.)