पडदा तपासून घे

नागपूर

चि. सुमेध यास अनेक आशीर्वाद.

शुगरचा रिपोर्ट आल्यापासून गोळ्या वेळेवर घेतोस, सकाळी चालायला जातोस, याचं मला खरंच समाधान आहे. पण डोळ्यांचा विषय काढला की "आई, मला चष्मासुद्धा नाही" म्हणून फोन ठेवून देतोस. म्हणून हे पत्र.

शुगर असूनही बाबांनाही नीटच दिसत होतं. तपासणीला गेलो तेव्हा तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी घडाघडा वाचली. मग बाहुल्या मोठ्या करायचे थेंब टाकले. डोळे मिटून बाकावर बसायचं, थोड्या वेळाने पुन्हा थेंब. डॉक्टरांनी डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो दाखवला, तो आपल्या संत्र्यासारखा केशरी. त्यावर बारीक लाल ठिपके आणि काही पिवळट डाग. साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या पेशी मरतात, भिंत कमकुवत होऊन फुगते आणि झिरपायला लागते. लाल ठिपक्यांत असे फुगे होते, पिवळे डाग झिरपून साचलेल्या चरबीचे. हे सगळं नजरेच्या मध्यापासून दूर असेल तर माणसाला काही म्हणजे काही कळत नाही. डोळा दुखत नाही, लालही होत नाही.

पुढे त्यांच्या उजव्या डोळ्यात मध्यभागी सूज आली, पण तपासण्या चालू असल्याने ती लगेच सापडली. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर मी हादरले होते. पण आधी बधिर करणारे थेंब टाकतात आणि सुई क्षणात होते. आज ते पेपर अक्षरन् अक्षर वाचतात. हाच आजार लक्षात न येता वाढला असता, तर रक्त न पोचणाऱ्या पडद्यावर नव्या वाहिन्या फुटल्या असत्या. त्या फार नाजूक असतात. त्यांतून डोळ्यात रक्त उतरतं, पडदा ओढला जाऊन सुटतो. तेव्हाही लेसर आहे, शस्त्रक्रिया आहे, पण गेलेली नजर पूर्ण परत येईलच असं नाही.

चष्म्याच्या दुकानात नंबर काढला म्हणजे पडदा तपासला असं होत नाही, बाळा. टाइप २ मधुमेहात, म्हणजे तुझ्यासारख्या शुगरमध्ये, निदान झाल्या झाल्याच पडदा बघायचा असतो, कारण साखर आत कधीपासून वाढून राहिली होती ते कुणालाच सांगता येत नाही. त्यानंतर साधारण दरवर्षी. शिवाय साखर झपाट्याने खाली आली, तर आधीच बिघडलेला पडदा सुरुवातीला आणखी थोडा बिघडू शकतो. तू आत्ता जोरात पथ्य करतोस, म्हणून मला जास्तच घाई आहे. पथ्य सोडू मात्र नकोस. ब्रिटनमध्ये नव्याने टाइप २ झालेल्या लोकांचा मोठा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. साखर काटेकोर ठेवणाऱ्या गटात बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाले होते. बीपी आटोक्यात ठेवल्याचाही डोळ्यांना फायदा दिसला.

अशाच बारीक वाहिन्या मूत्रपिंडात असतात, तेव्हा लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणीही सांगून करून घे. आणि तो खर्रा. इकडे आलास की पानठेल्यावर मित्रांसोबत उभा असतोस, ते मला माहीत आहे. तंबाखूने रक्तवाहिन्यांचं नुकसान होतं, तुझ्या तर आधीच साखरेने त्रासलेल्या आहेत. बंद कर. तर्रीपोहे महिन्यातून एकदा खाल्लेस तर मी काही बोलणार नाही, पण खर्रा नको.

या शनिवारीच नेत्रतज्ज्ञांची वेळ घे. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, उन्हाचा त्रास होतो. गाडी चालवत जाऊ नकोस, काळा चष्मा ने. रिपोर्टचा फोटो आधी मला पाठव, बाबांना मी सांगेन.

तुझी
आई